टाच, चवडा आणि कुर्ल्याची फियाट

१०८९ सीसी हा आकडा जुन्या फियाटवाल्यांना घरच्या फोन नंबरसारखा पाठ असतो. ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी), ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), चार सिलिंडर. इटलीत १९३७ साली आलेल्या फियाट ५०८ सी गाडीच्या इंजिनाचं हे माप, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रीमियर पद्मिनीचंही हेच. मधल्या काळात इटलीवाल्यांनी आपल्या ११०० डी मॉडेलचं इंजिन १२२१ सीसीपर्यंत वाढवलं. आपल्याकडे ते मॉडेल आलं, इंजिन मात्र जुन्याच मापाचं राहिलं. माझी गाडीही पद्मिनीच, आणि शर्यतवाल्यांची ‘हील अँड टो’ ही पायांची युक्ती मी तिच्यातच गिरवतो.

म्हापशाच्या बाजारात टपावर टोपल्या बांधून उभी असलेली पद्मिनी शर्यतीच्या घराण्यातली आहे, असं सांगितलं की लोक हसतात. पण युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, १९४६ साली, तुरीनच्या चिसितालिया कंपनीने फियाट ११००चेच सुटे भाग घेऊन डी ४६ नावाची एकट्याने बसायची शर्यतगाडी बांधली. फार पैसा नसलेल्यालाही शर्यतीत उतरता यावं, हा हेतू. त्याच वर्षी तुरीनच्या कोप्पा ब्रेझ्झी शर्यतीत ताझिओ नुवोलारी हा शर्यतपटू ती चालवत असताना स्टिअरिंगचं चाकच उपटून त्याच्या हातात आलं. एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातातलं चाक पिटमधल्या, म्हणजे रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या जागेतल्या माणसांना दाखवत हा बाबा पुढे निघून गेला. पुढच्या वर्षी मिल्ले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत तो अशाच ११०० सीसीच्या चिसितालियातून दुसरा आला. पहिल्या आलेल्या आल्फा रोमिओचं इंजिन अडीच पटींहून मोठं होतं, आणि नुवोलारी तेव्हा ५४ वर्षांचा.

मिल्ले मिलिया साध्या रस्त्यांवर व्हायची. एरवी कामावर न्यायच्या फियाट घेऊन लोक तिच्यात उतरायचे. १९५७ साली प्रेक्षकांचे बळी घेणारा अपघात झाला आणि ती बंद पडली. पण रोजची गाडी आणि शर्यतीची गाडी एकच, ही इटलीची हौस तिथे मुरली.

आता पायांकडे. ‘हील अँड टो’ म्हणजे उजव्या पायाने ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाने एक्सलरेटरला टिचकी मारणं. इटालियन लोक याला ‘पुंता-ताक्को’ म्हणतात, म्हणजे चवडा-टाच. हे नाव आलं कुठून, याचा उलगडा जुन्या इटालियन शर्यतगाड्या पाहिल्यावर होतो. कितीतरी आल्फा आणि मासेराती गाड्यांत एक्सलरेटर मधोमध असायचा आणि ब्रेक उजवीकडे. १९५०च्या दशकातल्या मासेराती २५० एफमध्येही तसंच. पॅडलच्या त्या रचनेत पाय तिरपा करून टाच एकावर आणि चवडा दुसऱ्यावर टेकवणं सोयीचं होतं. पुढे एक्सलरेटर उजव्या टोकाला गेला आणि टाचेचं काम पावलाच्या बाहेरच्या कडेने होऊ लागलं. नाव तेवढं राहिलं.

मात्र ही युक्ती निघाली गिअरबॉक्सच्या अडचणीतून. ऐट नंतर आली. जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हतं. कॅडिलॅकने ते १९२८ साली आणलं. ते नसलं की फिरते दाते एकमेकांत बसवायला दोघांचा वेग ड्रायव्हरनेच जुळवायचा. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. इटालियनमध्ये याला ‘दोप्पिएत्ता’ म्हणतात, आपल्याकडे नुसतं ‘डबल क्लच’.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो काकांकडून. खाणी जोरात होत्या त्या काळात ते धारबांदोड्याच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवायचे, खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत, आणि मधूनमधून अनमोड घाटाच्या फेऱ्या. भरलेला ट्रक घाट उतरत असताना खालचा गिअर पडला नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहिली, तर इंजिनाची ओढ संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत. काकांना इटलीचं नावही घ्यायचं कारण नव्हतं, पण दोप्पिएत्ता त्यांच्या पायात होती. तीही चपला काढून, अनवाणी.

घाटातल्या ट्रकवाल्याला आणि शर्यतीतल्या माणसाला वेगळं करते ती एकच गोष्ट: वेळ. काका आधी ब्रेकने वेग मारायचे, मग सावकाश गिअर बदलायचे. शर्यतीत वळण येतं तेव्हा ब्रेक, क्लच आणि एक्सलरेटर तिन्ही एकाच वेळी लागतात, आणि पाय दोनच. पद्मिनीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना, गाडीचा वेग तोच असेल तर, इंजिनाला साधारण दीडपट फिरावं लागतं. तुम्ही रेस दिली नाही तर ते काम मागची चाकं करतात. क्लच सुटताच ती क्षणभर अडखळतात, आणि मागून पाट्यांच्या स्प्रिंगवर उभी असलेली हलकी गाडी वळणातच शेपूट फिरवते.

पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाहीच. दुसऱ्याला आहे, पण तीस-पस्तीस वर्षांनी ते नावापुरतं उरतं. त्यात गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. माझ्या गाडीत डबल क्लच चुकला की दांड्यातून मनगटापर्यंत ‘खर्र’ असा झटका येतो. नव्या गाडीत ही चूक कळतही नाही, सिंक्रोमेश ती पोटात घालतं.

दुसरी गंमत ड्रम ब्रेकची. चारही चाकांना ड्रम. सकाळी थंड असताना ब्रेकचं पॅडल उंच लागतं, चवडा त्यावर ठेवला की एक्सलरेटर पार खाली राहतो, तिथवर पाऊल पोचत नाही. सात-आठ जोरदार ब्रेक मारले की ड्रम तापून फुगतात, पॅडल खाली जातं, आणि अचानक दोन्ही पॅडलं एका पातळीवर येतात. तेव्हा हील-टो लोण्यासारखं जमतं. आणखी दोन फेऱ्या मारल्या की ब्रेकच उरत नाहीत. म्हणजे गाडी नीट वागते तो काळ जेमतेम चार फेऱ्यांचा.

गोव्यात याचा सराव करायला ट्रॅक नाही. पोर्तुगीजांच्याच ताब्यातल्या मकावने १९५४ साली शहराचे रस्ते अडवून शर्यत सुरू केली. ती मकाव ग्रां प्री आजही चालते. इकडे त्याच सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती आणि युरोपातला माल मुरगाव बंदरात उतरत होता, गाड्यांसकट. गाड्या आल्या, शर्यत आली नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर इथल्या हौशी माणसाच्या वाट्याला भारतातली सोय आली, आणि ती सोय म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्ट्या. मद्रासजवळच्या शोलावरमला अशाच एका धावपट्टीवर फियाट, हेराल्ड, अँबेसेडर एकमेकांना घासून पळायच्या. १९९० साली शर्यती तिथून इरुंगाट्टुकोट्टाईच्या ३.७ किलोमीटरच्या खास ट्रॅकवर गेल्या. पुढे कोईमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे झाला, २.१ किलोमीटरचा. कोल्हापूरलाही एक छोटा ट्रॅक आहे, आमच्यासाठी तोच जवळ. रस्त्यावर हौस भागवायला जाल तर मोटार वाहन कायद्याचं १८९ कलम आहे: सरकारच्या परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वेगाची चढाओढ हा गुन्हा.

क्लचच्या पॅडलचं पुढे काय झालं, तेही इटलीतच ठरलं. १९८९ साली ब्राझीलच्या ग्रां प्रीत फेरारी ६४० स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलत उतरली आणि पहिल्याच शर्यतीत जिंकली. काही वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये सगळ्यांनी तेच केलं. आता रस्त्यावरच्या काही गाड्या खालचा गिअर टाकताना रेसही स्वतःच देतात. उलट कितीतरी नव्या गाड्यांत ब्रेक आणि एक्सलरेटर एकत्र दाबले तर संगणक एक्सलरेटरचं ऐकतच नाही. तिथे पुंता-ताक्को शिकून उपयोग शून्य.

पद्मिनीत संगणक नाही. थंड ब्रेकच्या वेळची अडचण मात्र होतीच. फोंड्याच्या एका गॅरेजवाल्याने ती दहा मिनिटांत सोडवली. एक्सलरेटरच्या पॅडलवर डाव्या बाजूने दोन बोटं रुंदीची लोखंडी पट्टी वेल्ड केली, कडा घासून गोल केल्या आणि वर जुन्या टायरचा तुकडा चिकटवला. काकांनी बसून पाहिलं. चपला काढल्या, दोनदा रेस दिली आणि म्हणाले, पट्टी अजून बोटभर खाली हवी, ब्रेक तापल्यावर ही वर येणार. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोंडा.