अर्धेलीवरचा गोंगाट

धायरीत एका इमारतीच्या पार्किंगखाली तासाच्या भाड्याने मिळणारी जॅमरूम, म्हणजे बँडच्या सरावाची खोली, आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे, ट्रेंवर जुन्या सतरंज्या, दाराच्या फटीत गादीचा तुकडा. ट्रे लावले की आवाज बाहेर जात नाही, असं सगळे एकमेकांना सांगत आलेत. प्रत्यक्षात झांजांची चुरचुर तेवढी त्यात जिरते. बेसचा घुमारा भिंतीतून चढतो आणि पहिल्या मजल्यावरच्या मांडणीतली भांडी किणकिणवतो. पावणेदहाला सोसायटीचे चेअरमनकाका खाली उतरतात. एकदा त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "अरे, तुमचं मशीन बिघडलंय का?"

"नाही काका, ते असंच वाजतं."

"असंच म्हणजे?"

तेव्हा काही नीट उत्तर देता आलं नाही. या खोलीत नॉइज रॉक, म्हणजे मुद्दाम गोंगाटी केलेला रॉक, वाजवणाऱ्या तीन बँडनी मिळून एक लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, काढलंय. परवा त्यांची पहिली कॅसेट आली, पन्नास प्रती. कव्हरं शनिवार पेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून स्क्रीनप्रिंट करून आणली होती (कडेला सोनेरी वेलबुट्टी फुकटात देतो म्हणाला, कशीबशी टाळली) आणि ती दुमडायला मीही बसलो होतो. तर काकांच्या प्रश्नामागची ही हकिगत.

आधी आवाजाबद्दल. मांडवातला साउंडवाला ज्या दोन गोष्टी टाळायला दिवसभर धडपडतो, त्यांच्यावरच नॉइज रॉक उभा आहे. पहिली म्हणजे ॲम्प्लिफायरला झेपणार नाही इतका सिग्नल देणं. लाट वरून-खालून छाटली जाते आणि गिटारचा गोल सूर खरखरीत होतो. दुसरी म्हणजे शिट्टी. स्पीकरच्या आवाजाने गिटारच्या तारा थरथरतात, तारांखालचं पिकअप ती थरथर पकडतं, ती मोठी होऊन बाहेर पडते, तारा पुन्हा थरथरतात. सत्यनारायणाच्या पूजेत माईकने शिट्टी मारली की गुरुजी थांबतात. इथे गिटारवाला ॲम्पच्या आणखी जवळ जातो. आमच्याकडचं फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारं खोकं, तापकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांचं आहे. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, आणि बाहेरून शाळेतला स्टीलचा डबा. बॅटरी उतरत आली की ते जास्त छान घरघरतं, म्हणून ती मरेपर्यंत कोणी बदलत नाही.

या आवाजाची वंशावळ सांगायची तर लोक लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकारापासून सुरुवात करतात. यंत्रांच्या काळात वाढलेल्या कानाला व्हायोलिन पुरत नाही, असा जाहीरनामा त्याने १९१३ मध्ये लिहिला आणि गोंगाट करणाऱ्या पेट्या बनवल्या. मग साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कचा वेल्वेट अंडरग्राउंड हा बँड. मग १९७८ मध्ये ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराने त्याच शहरातल्या चार बँडची काढलेली संकलित रेकॉर्ड, ज्यांच्या जमातीला 'नो वेव्ह' म्हणतात. १९८१ मध्ये सॉनिक यूथ हा बँड. हे सगळं खरं आहे, पण मला ते जरा दिवाणखान्यातलं वाटतं. गोंगाट कोणालाही करता येतो. तो करून पुढच्या गावी जायला डिझेलचे पैसे उरले पाहिजेत, ही खरी अडचण. ती कशी सुटली हे हिशेबाच्या वहीत सापडतं, आणि ती वही न्यूयॉर्कची नाही.

मिशिगन राज्यात, लॅन्सिंगच्या परिसरात, टेस्को व्ही आणि डेव्ह स्टिमसन या दोघांनी १९७९ मध्ये 'टच अँड गो' नावाचं पंक मासिक काढलं. घरगुती, शिवराळ, वेळापत्रक नसलेलं. आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकांची आठवण यावी असं. १९८१ मध्ये त्यांनी ओळखीच्या बँडच्या सात इंची रेकॉर्ड काढल्या. नेक्रॉसच्या १०० प्रती, फिक्सच्या २००. नेक्रॉसमध्ये बेस वाजवणाऱ्या कोरी रस्ककडे पुढे लेबलची सूत्रं आली आणि त्याने ते शिकागोला नेलं.

रस्कचा व्यवहार आमच्या बारामतीच्या मामाला मी एका शब्दात समजावला होता: अर्धेली. रेकॉर्डिंग, छपाई, जाहिरात हा खर्च आधी वजा करायचा, उरेल त्यातलं निम्मं बँडचं, निम्मं लेबलचं. करार तोंडी. मोठ्या कंपनीचं गणित याच्या उलट, तेही मामाला लगेच कळलं, कारण ते ऊसतोडीच्या उचलीसारखं असतं. हंगामाआधी मोठी रक्कम हातात पडते, बरं वाटतं, आणि मग ती फिटता फिटत नाही. कंपनी बँडला विक्रीवर छोटासा टक्का देते आणि उचल, रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा बराचसा खर्च त्या छोट्या टक्क्यातूनच वळता करून घेते. कंपनीचा स्वतःचा वाटा पहिल्या दिवसापासून सुरू.

हे गणित आकड्यांत मांडून दाखवलं स्टीव्ह अल्बिनी या गिटारवाल्याने, 'द बॅफलर' या मासिकातल्या १९९३ सालच्या लेखात. चार जणांच्या एका काल्पनिक बँडला २,५०,००० डॉलर उचल मिळते आणि त्यांची रेकॉर्ड २,५०,००० प्रती खपते. म्हणजे उत्तम यश. शेवटच्या यादीत कंपनीच्या नावापुढे ७,१०,००० डॉलर आहेत. वकील, मॅनेजर, स्टुडिओ यांचे आपापले आकडे आहेत. बँडमधल्या प्रत्येकाच्या नावापुढे ४,०३१.२५ डॉलर. वर कंपनीचं देणं अजून शिल्लकच. मला त्या पंचवीस सेंटचं फार कौतुक वाटतं. खरा हिशेबनीस पैसाही सोडत नाही.

अल्बिनीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. शिकागोजवळ पत्रकारिता शिकत असताना त्याने १९८१ मध्ये बिग ब्लॅक हा बँड सुरू केला. ड्रमर नाही, रोलँड कंपनीचं ड्रम मशीन. रेकॉर्डवर वादकांच्या यादीत त्याचं नाव 'रोलँड' असंच छापलेलं. गिटारचा पट्टा खांद्याऐवजी कमरेला बांधलेला आणि हातात धातूची पिक, त्यामुळे तारांवर पत्रा घासल्यासारखा आवाज. १९८७ मध्ये तो बँड संपला. त्यानंतर अल्बिनी मुख्यतः दुसऱ्यांच्या रेकॉर्ड करत राहिला, आणि निर्माता म्हणून विक्रीवर टक्का घेणं त्याने कायम नाकारलं. १९९२ मध्ये निर्वाणा या तुफान खपणाऱ्या बँडने बोलावलं तेव्हाही त्याने त्यांना लिहून कळवलं की प्लंबरला देतात तसे पैसे द्या, कामाचे, एकदाच. त्या रेकॉर्डच्या टक्केवारीवर तो जन्मभर बसून खाऊ शकला असता. १९९७ मध्ये त्याने शिकागोत इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्टुडिओ उभा केला. ७ मे २०२४ रोजी, ६१ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याच्या शेलॅक या बँडची नवी रेकॉर्ड त्यानंतर दहा दिवसांनी आली, टच अँड गोवरच.

दुसरं घराणं मिनियापोलिसचं. टॉम हेझलमायर अमेरिकेच्या मरीन दलात होता, तिथे असतानाच १९८६ मध्ये त्याने स्वतःच्या हेलो ऑफ फ्लाइज या बँडची रेकॉर्ड काढायला ॲम्फेटामिन रेप्टाइल हे लेबल सुरू केलं. काउज, हॅमरहेड, अनसेन असे बँड त्याच्याकडे. टच अँड गोपेक्षा इथला आवाज जाड, विनोद जास्त घाणेरडा. हेझलमायर पुढे लिनोकट, म्हणजे कोरून छापायची चित्रं, करू लागला, भागीदारीत बारही चालवला.

या लेबलवर १९९० मध्ये हेल्मेट या बँडची पहिली मोठी रेकॉर्ड आली. पेज हॅमिल्टन हा त्यांचा गिटारवाला जॅझ शिकलेला, त्यामुळे गोंगाटातही हिशेबी थांबे. १९९१ मध्ये निर्वाणा अचानक खपायला लागल्यावर मोठ्या कंपन्यांनी तळघरांत माणसं धाडली. हेल्मेटला इंटरस्कोपने उचललं, आणि त्यांच्या १९९२ च्या रेकॉर्डने अमेरिकेत ५,००,००० चा टप्पा ओलांडला. टच अँड गोचा सगळ्यात गाजलेला बँड, जिझस लिझर्ड, १९९५ मध्ये कॅपिटल या मोठ्या कंपनीकडे गेला आणि १९९९ मध्ये फुटला. अल्बिनीचा लेख दोन वर्षं आधी आला होता. म्हणजे वाचून गेले. त्यांना मी दोष देणार नाही. व्हॅनमध्ये झोपून दहा वर्षं काढलेल्या माणसाला उचल नको म्हणायला सांगणं आपल्याला सोपं आहे.

तोंडी कराराचं मात्र व्हायचं ते झालं. बटहोल सर्फर्स या बँडच्या ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्ड टच अँड गोकडे होत्या, निम्म्या वाट्यावर. नंतर मोठ्या कंपनीकडे जाऊन त्यांचं गाणं रेडिओवर वाजलं आणि जुन्या रेकॉर्डचा वाटा त्यांना वाढवून हवा झाला. रस्क नाही म्हणाला. प्रकरण कोर्टात गेलं. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की मुदत न ठरवलेला करार कोणत्याही बाजूला मोडता येतो. सगळ्या रेकॉर्ड बँडकडे परत गेल्या. जवळजवळ वीस वर्षं शब्दावर चाललेलं घर त्या एका न बोललेल्या गोष्टीवर अडखळलं: किती दिवसांसाठी? २००९ मध्ये टच अँड गोने इतर लहान लेबलांचा माल छापून पोचवण्याचं काम बंद केलं. जुन्या रेकॉर्ड विकणं चालू ठेवलं.

पुण्याला छोट्या लेबलचं अप्रूप नाही. कर्वे रस्त्यावर सुरेश अलूरकरांचं अलूरकर म्युझिक हाऊस होतं. ७८ च्या रेकॉर्डवर एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. कॅसेटवर अख्खा विलंबित ख्याल राहतो आणि ती काढायला कारखाना लागत नाही. ही सोय ओळखून एका दुकानदाराने शास्त्रीय गायकांच्या कॅसेटी काढल्या, जाणकारांनी त्या जपून ठेवल्या. आमच्या मंडळींना हे सांगितलं तर ते हसतात, पण मला त्यांच्यात आणि अलूरकरांत फरक फक्त आवाजाच्या पातळीचा दिसतो.

अमेरिकन गोंगाट इथे आला तो आडवाटेने. १९९१ नंतर स्टार टीव्हीवर एमटीव्ही दिसू लागलं, त्यात निर्वाणा होता. टच अँड गोची कॅसेट मात्र मी पुण्यातल्या कुठल्या दुकानात कधी पाहिली नाही. जिझस लिझर्डचं नाव मला निर्वाणामुळे कळलं, दोघांनी १९९३ मध्ये एक सात इंची रेकॉर्ड वाटून घेतली होती म्हणून. आणि ऐकायला मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, एका हॉस्टेलवाल्याने भरून दिलेल्या सीडीवर, गाण्यांची नावं चुकलेली. २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाची सुरुवात पुण्यात झाली आणि स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना मैदान मिळालं. आमच्यासारख्यांना तिथे जागा नव्हती. ती नसणं बरोबरही होतं.

वाजवायचं कुठे, हा पुण्यातला खरा प्रश्न. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. सवाई गंधर्वची रात्र पूर्वी पहाटे भैरवीने संपायची, तीही या नियमाने आवरती घ्यावी लागली. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं चौकाचौकात मोजमाप करतात, ते आकडे अनेक वर्षी १०० च्या पुढे गेलेत. आमचा ड्रमर दोन्हीकडे आहे: भाद्रपदात पथकात ताशा, एरवी धायरीत. त्याचे कान कधीच कामातून गेलेत असं त्याची आई म्हणते.

आता विक्रीसाठी बँडकॅम्प आहे. २००८ पासूनची ही साइट डिजिटल विक्रीत १५ टक्के घेते, पैसे वळते करण्याचं शुल्क जाऊन बाकी खात्यात. मधला मुकादम बारीक झाला, एवढं खरं. पण लेबल आणि बँड यांच्यातली वाटणी तुमची तुम्हालाच ठरवावी लागते, आणि परवा पन्नासातल्या चौतीस कॅसेटी गेल्यावर ती वेळ आली. खर्च वजा जाता ६४० रुपये उरले. निम्मे-निम्मे, यावर वाद नव्हता. मी बटहोल सर्फर्सची गोष्ट सांगितली, म्हणून लेखी करू असं ठरलं. कोणीतरी स्टॅम्पपेपरची चौकशी करून आलं: शंभराचा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा. मग लाल पुठ्ठ्याच्या खातेवहीतच करार उतरवला, खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट चिकटवलं. मुदतीच्या जागी लेबल सांभाळणाऱ्या पोरीने लिहिलं, दहा वर्षं.

ड्रमरने सही केली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "दहा? अगं, मी जूनमध्ये हैदराबादला चाललोय."