बायपासनंतर ‘बीपीची गोळी’ कशाला? हा गैरसमज आता तरी सोडा

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकपासून पंचवटीपर्यंत कोणीही सांगतं, बायपास झाला, बीपी १२० वर आलं, मग मेटोप्रोलॉल कशाला खाताय, बंद करा. अहो, ती गोळी नुसती बीपीची नाहीये! हार्टच्या ऑपरेशननंतर साधारण दर तीन-चार पेशंटमागे एकाचे ठोके बिघडतात, बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, कारण हृदयाला सूज असते, अंगात ताणाची हार्मोन्स वाढलेली असतात आणि वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आणि त्यात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारायची भीती असते. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर, म्हणजे ताणाच्या हार्मोन्सचा हृदयावरचा परिणाम रोखणारी औषधं, ठोके बिघडण्याचा हा धोका बऱ्यापैकी कमी करतात. आधीपासून चालू असलेली गोळी एकदम तोडली तर उलट धोका वाढतो, हे तर घरच्यांना माहीतच नसतं!

आणि धडधड झाली म्हणजे ऑपरेशन फसलं असंही नाही, बऱ्याच जणांचे ठोके काही आठवड्यांत जागेवर येतात. दमा असेल, नाडी फार मंद असेल तर डॉक्टर दुसरं औषध बघतात, काहींना ठोके नियमित ठेवणारं अमिओडॅरोन देतात. चक्कर आली, नाडी ५० च्या खाली गेली तर सर्जनला फोन करा, शेजारच्या काकांना नाही.