बाल्कनीतील भाजीपाला बाग

इमारतीच्या बाल्कनीत किंवा गॅलरीत कुंड्या, क्रेट, ग्रो बॅग यांमधून भाज्या पिकवण्याची पद्धत. जमिनीतल्या झाडाची मुळे ओलाव्यामागे खोल जातात. कुंडीतल्या झाडाला मात्र दहा-पंधरा लिटर मातीवरच भागवावे लागते. म्हणून इथे खतापेक्षा वाफसा, म्हणजे मातीतल्या पाण्याचा आणि हवेचा मेळ, अधिक जपावा लागतो.

पीक उन्हावरून ठरते. टोमॅटो, मिरची, वांगी यांना रोज सुमारे ६ तास थेट ऊन हवे. ऊन ३-४ तासच येत असेल तर पालक, कोथिंबीर, पुदिना घ्यावा. तेवढ्या उन्हात टोमॅटो नुसता उंच आणि लुकडा होतो, फळ फारसे धरत नाही. पालेभाज्यांना १५ ते २० सेंमी खोली पुरते. मिरचीला १० लिटरची, टोमॅटोला १५ ते २० लिटरची कुंडी लागते. भिजलेली मोठी कुंडी २० किलोंच्याही वर जाते, म्हणून ती कठड्यावर कधीच ठेवू नये.

नुसती बागेतली माती कुंडीत दगडासारखी बसते. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत समभाग घेतले की मिश्रण भुसभुशीत राहते. कोकोपीट आधी भिजवून एकदोनदा धुवावे, कारण त्यात क्षार असू शकतात. तळाला खडीचा थर देण्याची सवय मात्र सोडलेली बरी. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. माती तुडुंब भरल्यावरच ते खाली पडते. परिणामी चिखलाचा थर तळाऐवजी खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रांवर जाळीचा तुकडा पुरेसा असतो.

पाणी घड्याळ पाहून घालू नये. बोट २-३ सेंमी मातीत खुपसावे. कोरडे लागले तर तळातून पाणी निथळेपर्यंत घालावे. कोकोपीट पार सुकले की आकसते आणि कडेला फट पडते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट बाहेर येते, पाहणाऱ्याला वाटते कुंडी भिजली, आणि मुळांभोवतीचा मातीचा गड्डा आतून कोरडा ठणठणीत! अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी. जास्त पाण्यानेही पाने मलूल होतात, कारण हवेअभावी मुळे कुजतात. म्हणून माती ओली आणि झाड सुकलेले दिसले तर आणखी पाणी घालू नये.

टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो तोही बहुधा पाण्याचाच हिशेब. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत जाते; एक दिवस कोरडे, एक दिवस तुडुंब असे झाले की पुरवठा तुटतो. अंड्याची टरफले टाकून हा डाग लगेच थांबत नाही, ती कुजायला फार वेळ घेतात. झाड हिरवेगार, पण फुले नाहीत, असे असेल तर नत्र जास्त झाले किंवा ऊन कमी पडते आहे.

उंचावरच्या बाल्कनीत मधमाश्या कमी फिरकतात. टोमॅटोची फुले स्वपरागित असतात, म्हणजे त्यांना स्वतःचेच पराग चालतात; सकाळी फांदीला टिचकी मारली तरी भागते. काकडीच्या बहुतेक वाणांत मात्र नर-मादी फुले वेगळी असतात. मादी फुलामागे इवलीशी काकडी दिसते. नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा परागकोश सकाळीच तिच्या फुलात फिरवावा. परागण झाले नाही तर ती इवली काकडी पिवळी पडून गळते.