स्पेशल ऑलिंपिक्स

बौद्धिक दिव्यांगता असणाऱ्या मुला-मुलींना व प्रौढांना वर्षभर खेळांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्या स्पर्धा भरविणारी आंतरराष्ट्रीय चळवळ. डाउन संलक्षण (डाउन सिंड्रोम, एक जन्मजात जनुकीय अवस्था) किंवा स्वमग्नता (ऑटिझम) यांच्या जोडीला बौद्धिक दिव्यांगता असणारे खेळाडूही तीत भाग घेतात. पॅरालिंपिकशी तिची अनेकदा गल्लत होते. ती संघटना वेगळी आहे.

चळवळीचा प्रारंभ कोठे मानावा, यावर एकमत नाही. प्रचलित मांडणी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या भगिनी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील आपल्या घराच्या आवारात भरविलेल्या उन्हाळी शिबिरापासून सुरुवात धरते. तथापि शिकागोच्या उद्यान विभागातील शारीरिक शिक्षिका ॲन मॅक्ग्लोन (पुढे ॲन बर्क) यांनी शहरासाठी मैदानी स्पर्धेची कल्पना मांडली होती आणि २० जुलै १९६८ रोजी तेथील सोल्जर फील्डवर झालेले पहिले सामने तीतूनच आकारास आले. त्यामुळे श्रेयाचा मोठा वाटा त्यांच्याकडेही जातो. या दोन्ही बाजूंच्या चर्चेत कॅनडातील टोरंटोचे शारीरिक शिक्षणाचे संशोधक फ्रँक हेडन काहीसे मागे पडतात. या मुलांची दुबळी शारीरिक क्षमता हा दिव्यांगत्वाचा अटळ परिणाम नसून बराचसा बैठ्या जीवनाचा परिणाम आहे, हे त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी अभ्यासाने दाखविले. शिबिर आणि सामने यांना शास्त्रीय बैठक मिळाली ती या निष्कर्षाने. म्हणून चळवळीचे वैचारिक मूळ तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्पर्धेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे गटविभागणी. वय व लिंग यांबरोबरच प्राथमिक फेरीतील कामगिरी पाहून गट पाडतात, आणि एका गटातील सर्वोत्तम व सर्वांत कमी कामगिरीत साधारणतः १५ टक्क्यांहून अधिक अंतर राहू नये असा प्रयत्न असतो. शंभर मीटर २० सेकंदांत धावणाऱ्या मुलीच्या गटात त्यामुळे सुमारे २३ सेकंदांपर्यंतच्याच धावपटू येतात. सोपा गट मिळावा म्हणून कोणी प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावू नये, यासाठी अंतिम फेरीतील अवाजवी सुधारणेवरही नियम आहे. स्पर्धेसाठी किमान वय ८ वर्षे असून २ ते ७ वर्षांच्या बालकांसाठी धावणे, फेकणे, तोल सांभाळणे अशा मूलभूत हालचालींचा स्वतंत्र कार्यक्रम आहे.

डाउन संलक्षणात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा काहींच्या बाबतीत सैल असतो. मानेवर ताण आणणाऱ्या कोलांटी, सूर मारणे, फुलपाखरू-पद्धतीचे पोहणे अशा प्रकारांपूर्वी त्यामुळे वैद्यकीय तपासणी महत्त्वाची ठरते. सर्वांचीच सरसकट क्ष-किरण तपासणी करण्याच्या उपयुक्ततेबद्दल वैद्यकीय मत पुढे बदलले असून चालण्यातील बदल, हातापायांतील अशक्तपणा यांसारख्या मज्जासंस्थेच्या लक्षणांवर आता अधिक भर दिला जातो.

भारतात हे काम ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही २००१ मध्ये स्थापन झालेली संस्था पाहते. बर्लिन येथील २०२३ च्या जागतिक उन्हाळी स्पर्धेत भारतीय चमूने २०२ पदके मिळविली.

तीव्र दिव्यांगत्वामुळे ज्यांना नियमबद्ध स्पर्धा झेपत नाही, त्यांच्यासाठी हालचाल-प्रशिक्षणाचा वेगळा कार्यक्रम आहे; त्यात चाकाच्या खुर्चीत बसून समोरचा चेंडू हाताने ढकलणे हीसुद्धा कामगिरी मानली जाते.