पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं घर (पुणे परिसर)

पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं घर, म्हणजे लोक ज्याला स्ट्रॉ बेल घर म्हणतात ते. याच्या भिंती विटा-ब्लॉकच्या नसतात, मशीनने दाबून सुतळीने किंवा तारेने बांधलेल्या भाताच्या नाहीतर गव्हाच्या पेंढ्याच्या चौकोनी गठ्ठ्यांच्या असतात आणि दोन्ही बाजूंनी मातीचा किंवा चुन्याचा जाड गिलावा असतो. पेंढा म्हणजे धान्य झोडून उरलेलं काड, वाळवलेलं हिरवं गवत नव्हे. गवतात पोषण असतं, आणि पोषण आलं की उंदीर, किडे, बुरशी सगळी मंडळी न बोलावता येतात. मुळशी-मावळात किंवा सासवडकडे शेतघर बांधायला निघालेले लोक मातीचं घर, बांबूचं घर असं बघत बघत इथपर्यंत पोचतात. पण आपल्याकडे हे जमेल का ते ठरतं पाऊस आणि चारा या दोन गोष्टींवर, बाकीचं नंतर.

ही पद्धत अमेरिकेतल्या नेब्रास्काची. तिथल्या सँड हिल्स भागात झाडं नाहीत, मातीही रेताड, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गठ्ठे बांधायची मशिनं आली, मग लोकांनी हाताशी होतं तेच रचलं. १८९६-९७ च्या सुमाराला बेयार्डजवळ बांधलेली एका खोलीची शाळा ही यातली पहिली नोंद झालेली इमारत, आणि तिला गिलावा नव्हता म्हणून पुढे ती गुरांनी खाऊन टाकली असं सांगतात (आपल्याकडे तर आठवड्यात संपली असती). गिलावा नीट असलेल्या इमारती मात्र टिकल्या, आर्थर गावातलं १९२८ चं चर्च अजून उभं आहे. फ्रान्समध्ये मोंतार्जीला १९२० चं एक घर आहे, ते लाकडी सांगाड्यात पेंढा भरून केलेलं.

या दोन उदाहरणांत दोन्ही प्रकार आले. आर्थरच्या चर्चसारख्या प्रकारात छपराचं वजन गठ्ठ्यांवरच, विटांसारखे सांधे मोडून थर रचायचे, बांबू किंवा सळ्या ठोकायच्या, वरून पट्ट्यांनी आवळून भिंत बसू द्यायची. दुसऱ्यात वजन लाकूड, लोखंड किंवा आरसीसीच्या फ्रेमवर आणि गठ्ठे फक्त मधे भरलेले. पुण्यात दुसराच करावा, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. एकतर आधी छप्पर घालून मग त्याच्याखाली कोरड्यात भिंती रचता येतात. दुसरं म्हणजे गठ्ठ्यांवर वजन टाकायच्या भिंतीसाठी वेगळं भारतीय मानक नाही, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियर सही करेल ती फ्रेमवर, पेंढ्यावर नाही. भूकंपाचं म्हणाल तर पाकिस्तानात २००५ च्या भूकंपानंतर वजन पेलणारी पेंढ्याची छोटी घरं बांधली गेली आणि तसल्या घराची २००९ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठात, भूकंपासारखे हादरे देणाऱ्या हलत्या टेबलावर चाचणीही झाली, घर पडलं नाही. कोयनेचा १९६७ चा हादरा ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो त्यांना हे बरं वाटेल.

आता पाणी. पेंढ्यातला ओलावा २० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला की तो कुजायला लागतो, आणि भिंतीच्या आत कुजतो म्हणून कळतं ते वास आल्यावर. धिंगरी अळंबी लावणारे लोक काय करतात, तर पेंढा भिजवून, निर्जंतुक करून त्यात बी घालतात. म्हणजे ओला पेंढा ही बुरशीची आवडती जागा हे पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या अळंबीवाल्यांना कोणी वेगळं सांगायला नको. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी पाऊस, ते सांभाळता येतं. पण ६०-६५ किलोमीटरवर लोणावळ्यात तो ४,००० च्या वर जातो आणि तो सरळ पडतच नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, चार महिने हवा दमट ती वेगळीच. आणि गंमत अशी की भाताचा पेंढा मुबलक मिळतो तो नेमका मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्यात, इंद्रायणी भाताच्या खाचरांमध्ये. कोरड्या पूर्वेकडे, शिरूर-बारामतीकडे, भिंत छान टिकेल पण तिकडे पेंढा कुठे? तिकडे ज्वारीचा कडबा. त्याची ताटं जाड, गठ्ठा घट्ट बसत नाही, आणि दुष्काळी वर्षात कडब्याचा भाव बघून भिंतीत घालायची हिंमत कोणाची होणार. म्हणजे पश्चिमेकडून पेंढा आणून पूर्वेकडे बांधायचं, आणि मावळात भात बऱ्याच ठिकाणी हाताने कापून झोडतात, पेंढा पेंढ्या बांधून गंजीला जातो, त्यामुळे गठ्ठे बांधायचं बेलर मशीन कुठून तरी भाड्याने आणावं लागतं. हा खर्च लोक धरतच नाहीत, फुकटचा पेंढा म्हणून हिशोब सुरू करतात.

तरीही करायचंच असेल तर वेळ पाळायची. भात दिवाळीच्या आसपास निघतो, पेंढा तेव्हाच कोरडा असताना बांधून छपराखाली ठेवायचा, आत मीटर खुपसून ओलावा बघायचा, पंधराच्या आत असेल तर उत्तम. भिंती डिसेंबर ते मार्च, गिलाव्याचे सगळे हात मेमधल्या वळवाच्या आधी संपले पाहिजेत. जोतं दगडाचं आणि दीड-दोन फूट उंच, छपराला तीन-चार फुटांची वळचण, पश्चिमेला व्हरांडा असेल तर अजून चांगलं. खिडकीच्या खालची कड ही सगळ्यात दगाबाज जागा, पाणी तिथूनच आत जातं. आणि गवंडी प्रेमाने सिमेंटचं प्लास्टर सुचवतो ते ऐकायचं नाही, सिमेंटला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. आत माती, बाहेर चुना, एवढं बास. बाथरूमच्या भिंती विटांच्याच ठेवाव्यात.

उष्णतेचा फायदा खरा आहे. एप्रिलमध्ये पारा ३८-४० ला गेला की गच्चीखालची खोली आणि पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, गठ्ठ्याची भिंत ते ऊन आत येऊच देत नाही. पण पुण्याच्या रात्री बऱ्यापैकी गार होतात आणि ज्यांनी दगडी वाड्यात उन्हाळा काढलाय त्यांना माहीत आहे की जाड दगडमातीही हे काम करते, वेगळ्या पद्धतीने. म्हणून चारही बाजूंना पेंढा घालण्यापेक्षा फक्त पश्चिम आणि दक्षिण बाजूला घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, बाकी भिंती दगडाच्या किंवा दाबलेल्या मातीच्या विटांच्या.

जागेचा हिशोबही बघा. बाहेरून २० बाय ३० फूट म्हणजे ६०० चौरस फूट, गिलाव्यासकट भिंत २० इंच धरली तर आत उरतात साधारण ४४५, तेच सहा इंची भिंतीत ५५१. शहरात हा सौदा कोणी करणार नाही, गुंठ्यांनी जागा असेल तिथेच ठीक.

आगीची भीती सगळे घालतात पण दाबलेल्या गठ्ठ्यात आग भडकायला पुरेशी हवाच नसते. अमेरिकेतल्या चाचण्यांत मातीच्या गिलाव्याची भिंत १ तास आणि सिमेंट-चुन्याची २ तास टिकली आहे. धोका बांधकाम चालू असताना, जमिनीवर सुटा पेंढा पसरलेला आणि बाजूला कोणीतरी बिडी ओढतोय तेव्हाचा. उंदरांसाठी गिलाव्यात एकही भोक ठेवायचं नाही, वाळवीसाठी जोत्याखाली ट्रीटमेंट आणि वर पत्र्याची पट्टी.

आपल्याला भिंतीत पेंढा नवा नाही. मातीत पेंढा तुडवून गारा करायचा, कुडाच्या भिंतीला शेणमातीने लिंपायचं, हे कोकणात आणि मावळात आजही आजीला विचारलं तर सांगेल. पण पुण्यात मातीच्या भिंतीबद्दल एक जुनी धास्ती आहे आणि ती उगाच नाही, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी मातीचे वाडे पाण्यात बसले. नदी, ओढा, धरणाच्या फुगवट्याच्या जवळ प्लॉट असेल तर पेंढ्याचा विषयच काढू नये. बाकी ठिकाणी दरवर्षी पावसाळ्याआधी बाहेरून चुन्याचा एक हात, तडे दिसले की लगेच बुजवणं, आणि जोत्याला लागून कुंड्या न ठेवणं, कारण कुंडीला घातलेलं पाणी उडून भिंतीचा खालचाच थर रोज भिजतो.