शिंगाच्या दौतीतले शब्द

इंग्रजीतल्या जुन्या, विचित्र शब्दांच्या याद्या चाळताना वाटतं, हे शब्द कधीकाळी घराघरांत बोलले जात असतील आणि पुढे मागे पडले असतील. काही तसे आहेतही. पण त्यांतले पुष्कळ शब्द कुणाच्या तोंडी कधी बसलेच नाहीत. ते कागदावर जन्मले आणि कागदावरच राहिले.

1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढच्या शतकात लॅटिन ग्रंथ इंग्रजीत येऊ लागले, तेव्हा वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र यांसाठी इंग्रजी शब्द अपुरे पडू लागले. विद्वानांनी मग लॅटिन शब्दच उचलून त्यांना इंग्रजी वळण दिलं. लिहिणाऱ्या माणसाजवळ तेव्हा शिंगापासून केलेली छोटी दौत असे, कमरेला अडकवता येईल अशी. तिचं नाव 'इंकहॉर्न'. त्यावरून या शब्दांना 'इंकहॉर्न टर्म्स' म्हणू लागले, आणि म्हणणारे ते हिणवूनच म्हणत.

1553 मध्ये थॉमस विल्सनने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात एक पत्र छापलं. लिंकनशरचा एक माणूस चर्चमधल्या रिकाम्या जागेसाठी अर्ज करतो आहे आणि प्रत्येक ओळीत लॅटिनचा मारा चालवला आहे. 'ऑब्टेस्टेट' म्हणजे विनवणं, 'इंजंट' म्हणजे प्रचंड. आज हे शब्द कुणाला कळणार नाहीत. पण त्याच पत्रात, तितक्याच हास्यास्पद ठरवलेल्या 'सेलिब्रेट' आणि 'कपॅसिटी'सुद्धा आहेत, ज्या आज आपण मराठी बोलतानाही सहज वापरतो! कुठला शब्द जगेल हे विल्सनसारख्या जाणत्यालाही ओळखता आलं नाही. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक सर जॉन चीक दुसऱ्या टोकाला होते. इंग्रजी निर्भेळ राहावी म्हणून त्यांनी बायबलच्या भाषांतरात 'सेंच्युरियन' म्हणजे शंभर सैनिकांचा नायक, त्याऐवजी 'हंड्रेडर' आणि 'ल्युनॅटिक' म्हणजे चंद्राच्या प्रभावाने वेडा झालेला, त्याऐवजी 'मून्ड' असे घरचे शब्द घडवले. भाषाशुद्धीची चळवळ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्यांची तळमळ लगेच समजेल. त्यांचे हे शब्दही रुजले नाहीत.

सामान्य वाचक मात्र गोंधळून गेला होता. त्याच्यासाठी 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचा कोश काढला. हा पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश मानतात. वर्णानुक्रमाने शब्द शोधायची लोकांना सवयच नव्हती, म्हणून 'ए'ने सुरू होणारा शब्द पुस्तकाच्या आरंभी बघा आणि 'व्ही'चा शेवटाकडे, असं त्याला समजावून सांगावं लागलं. त्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत उरली आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात.

1623 मध्ये हेन्री कॉकरमने याच्या उलट सोयही करून दिली. त्याच्या कोशाच्या एका भागात साधा शब्द काढला की त्याला भारदस्त पर्याय मिळे. असे शब्द मग एका कोशातून दुसऱ्यात उतरत गेले, मध्ये कुणी ते बोललं नाही तरी. 1928 मध्ये पुरा झालेल्या ऑक्सफर्ड कोशानेही वापरातून गेलेले शब्द टाकून दिले नाहीत. त्यांच्या आधी फक्त खंजिराचं एक लहानसं चिन्ह छापलं.