बुजरा वेगळा, इंट्रोव्हर्ट वेगळा

ऑफिसात कोणी मीटिंगमधे गप्प बसलं की लगेच शिक्का बसतो, "तो जरा इंट्रोव्हर्ट आहे". माझ्यावरही बसला होता आणि बरीच वर्षं मलाही तो खरा वाटला, पण मी इंट्रोव्हर्ट नव्हतोच, मी बुजरा होतो.

बुजरेपणा म्हणजे भीती. मुद्दा तयार असतो, बोलायचंही असतं, पण लोक काय म्हणतील या विचाराने जीभच उचलत नाही. कॉलवर मी माइक अनम्यूट करायचो, श्वास घ्यायचो, तेवढ्यात दुसरं कोणीतरी सुरू व्हायचं की परत म्यूट, आणि नंतर तासभर तेच डोक्यात की बोलायला हवं होतं. पण माणसं मला मनापासून आवडतात, टीमसोबत डबा खाल्ला की तरतरी येते.

शेजारच्या डेस्कवरची सहकारी मात्र पक्की इंट्रोव्हर्ट. भीती औषधालाही नाही. क्लायंटसमोर अर्धा तास बोलेल, मॅनेजरला तोंडावर सांगेल की सर ही डेट जमणार नाही, पण ते झालं की डबा घेऊन एकटी खिडकीपाशी. मला वाटायचं चिडलीये. ती चिडलेली नसायची, दमलेली असायची.

इंट्रोव्हर्ट हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ मधे नीट मांडला तो मनाचा ओढा आत आहे की बाहेर या अर्थाने, भीतीचा त्यात संबंध नव्हता. पुढे १९८१ मधे चीक आणि बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की लाजाळूपणा आणि माणसांत मिसळायची आवड कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी लोकांना जोडीजोडीने बोलायला बसवलं, तर सगळ्यात जास्त अवघडलेले कोण, तर ज्यांना लाजही आहे आणि माणसांची ओढही. हे वाचलं तेव्हा मला एकदम मोकळं वाटलं, कारण तो मीच होतो.

ऑफिसात करून घेतात त्या स्वभावाचे १६ प्रकार सांगणाऱ्या टेस्टमधे (MBTI) ही भीती मोजायची वेगळी सोयच नाही, म्हणून त्यातल्या I (इंट्रोव्हर्ट) या एका अक्षरावर कोणी आपल्याला ओळखू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा स्वतःला विचारा, कोणी नावं ठेवणारच नाही अशी खात्री असती तर त्या घोळक्यात गेलो असतो का? हो असेल तर भीती आहे, आणि ती सवयीने कमी होते. नाही, मला घरीच बरं वाटतं असं असेल तर तो स्वभाव आहे, त्याला औषध लागत नाही.

घोळ झाला की उपाय उलटे पडतात. "त्याला एकटं आवडतं" म्हणून मला सोडून द्यायचे आणि तिला "बोल ना, बोल ना" करायचे. आता मी मॅनेजरला आधीच सांगून ठेवतो की मधे माझं नाव घेऊन विचारा, आणि तिला मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवतो, जेवताना हाक मारत नाही.